बबनशेठचे फाटे

बबनशेठ खरंच विसरलेत की विसरल्याचं सोंग करताहेत, यावर आम्ही दुकानातली माणसं दोन-तीन वर्षं वाद घालत होतो. वाद मिटला, पण माझा गोंधळ पुरता मिटलेला नाही. जो माणूस उभा जन्म मुद्दाम विसरत आला, त्याचं खरं विसरणं कुठल्या दिवशी सुरू झालं हे ओळखायचं तरी कसं?

मुद्दाम विसरायचे ते छत्री. काळी, जाड दांड्याची, मुठीला लाल दोरा बांधलेली छत्री ते बारा महिने जवळ बाळगायचे. भर चैत्रात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना त्यांच्या एम-एटी गाडीच्या हँडलला ती अडकवलेली असायची. त्यांचं आळेफाट्यावर पाण्याच्या मोटारींचं आणि ठिबक सिंचनाचं दुकान होतं, घर जवळच पिंपळवंडीला.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शिनोलीत, माझ्या माहेरी. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा घोडेगावच्या कॉलेजात जात होते. आमच्या विहिरीवरची मोटार सारखी जळायची आणि वडील नवी घ्यायच्या विचारात होते. ही बातमी शेठपर्यंत कशी पोचली देव जाणे. एके दिवशी ते दारात उभे राहिले, "राम राम पावणं" म्हणाले, आईनं दिलेल्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि घोंगडीवर ऐसपैस बसले. मोटारीचा शब्द नाही. आईचं माहेर कुठलं, म्हैस कितवी व्यायली, थोरल्या चुलत्याचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे. बोलता बोलता त्यांनी आईच्या मावसबहिणीचं सासर आपल्या भावकीत आणून सोडलं. चहा बशीत ओतून अर्धा प्यायले आणि वडिलांनी पहिला घोट घेतल्यावरच उरलेला अर्धा संपवला. शेवटी वडील आपण होऊनच म्हणाले, "मोटारीचं बघू की शेठ."

"बगा की. घाई कुनाला हाय?" असं म्हणून ते निघून गेले, आणि छत्री दाराच्या आड राहिली.

आई छत्री घेऊन रस्त्यापर्यंत धावली, पण एम-एटी घोडेगावच्या वाटेला लागलेली. पुढच्या आठवड्यात शेठ छत्रीसाठी आले. आता आलेल्या माणसाला नुसती छत्री हातात देऊन कसं घालवायचं? पुन्हा घोंगडी, पुन्हा चहा. आमची मोटार त्या दिवशी ठरली.

पुढे माझं लग्न आळे गावात झालं. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, घरी बसवेना, म्हणून मी शेठच्या दुकानात बिलं करायला लागले. तेव्हा मी त्यांना विचारलं, "शेठ, आमच्या घरी छत्री खरंच विसरला होतात का हो?"

"शिनोली, छत्री इसरायला अक्कल लागती," ते म्हणाले.

त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. प्रत्येक माणसाला ते त्याच्या गावानं ओळखायचे, मग बायका-पुरुष कुणी असो. मी शिनोली, हमाल ओतूर, टेम्पोवाला राजुरी. दुकानात तिऱ्हाईत माणूस आला तर त्याला वाटायचं इथं सगळे नकाशाशीच बोलतात.

त्यांचा धंदा कसा चालायचा हे कळायला मला फार वेळ लागला. माल तर फाट्यावरच्या सगळ्याच दुकानांत सारखा होता. शेठकडे निराळं होतं ते एवढंच, की जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या घरांचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. कुणाची विहीर कुठल्या वर्षी आटली, कुणाच्या मुलीचं कुठं जमतंय, कुणाचा भावाशी बांधावरून अबोला आहे. ते गेलं असतं तर दुकानाला शटर आणि पाटी सोडून काही उरलं नसतं, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मोबाइल शेतापर्यंत पोचले तेव्हा शेठनी एक जुना कॉम्प्युटर विकत आणला. माझ्या टेबलावर तो ठेवून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग विचारलं, "ह्याला जर-तर कळतं का?"

मी म्हटलं, "शेठ, त्याला तेवढंच कळतं."

"मंग झालं की. आपला धंदाच जर-तरचा हाय."

त्यांना काय हवं होतं ते असं. दुकानाचा मोबाइल तारेनं कॉम्प्युटरला जोडायचा, आणि कुणाला कधी काय मेसेज पाठवायचा ते कॉम्प्युटरनंच ठरवायचं. पण सगळ्यांना एकच मेसेज नाही. गिऱ्हाईक असं वागलं तर हा, तसं वागलं तर तो. शेठनी खडू घेतला आणि गोदामाच्या भिंतीवर रेघा ओढायला सुरुवात केली. एक रेघ जायची, तिला दोन फुटायच्या, त्यातल्या एकीला आणखी तीन. प्रत्येक फुटीला ते फाटा म्हणायचे. "ह्या फाट्याला डावीकडं वळायचं," असं मला कॉम्प्युटरचं शिक्षण सुरू झालं.

माझी मती गुंग झाली ती तिथं. पाण्याचा तांब्या घरच्या बाईनं स्वतः आणून दिला, तर त्या घरात आपल्याबद्दल चर्चा झालेली आहे. मेसेज लगेच पाठवायचा. तांब्या पोराच्या हाती आला तर अजून काहीच नाही, महिनाभर थांबायचं. चहा कोरा आला तर म्हैस आटलेली आहे. आधी म्हशीची चौकशी, ठिबकचं नाव काढायचं नाही. "बघू" म्हणाला तर छत्री ठेवून यायची. आमच्याकडे तोंडावर नाही कुणीच म्हणत नाही, त्यामुळे 'नाही'चा फाटा भिंतीवर नव्हताच.

"आणि शेठ, नाही म्हणायचं असेल त्यानं काय करायचं?" मी विचारलं.

"तो छत्री मानसाबरूबर परत धाडतो," ते म्हणाले.

घरात कुणी गेलं असेल तर एक वेगळा फाटा होता, तो त्यांनी दोनदा गिरवून जाड केला. तिथं मेसेज बंद, वर्षश्राद्ध होईपर्यंत धंद्याचा शब्द नाही, आणि दहाव्याला शेठनी स्वतः जायचं. आमच्या भागात दशक्रियेला नदीच्या घाटावर गावंच्या गावं लोटतात. पुढारी भाषणं करतात, माईक असतो. शेठ माईकपाशी कधीच जायचे नाहीत. शेवटच्या रांगेत मांडी घालून बसायचे.

आणि मिस कॉलचा फाटा. मेसेजला उलट मेसेज करायला पैसे पडायचे, म्हणून लोक मिस कॉल द्यायचे. एक रिंग वाजवून फोन बंद. त्याचा अर्थ 'हो' असेल, 'या' असेल, 'तुम्हीच फोन करा' असेल, नाहीतर म्हशीचं दूध काढताना खिशातलं बटण दाबलं गेलं असेल. मी म्हटलं, याचं काय करायचं? शेठ म्हणाले, "मिस कॉल आला, तर शेठ सोता जानार. त्याच्यात फाटा न्हाई."

मी कपाळाला हात लावला. तांब्या कुणी आणला हे त्या डब्याला कसं दिसणार? त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. ते रोज फिरून येतील, मला सांगतील, मी ते भरायचं, मग पुढचं कॉम्प्युटर बघेल. म्हणजे रोज संध्याकाळी शेठ टोपी मांडीवर ठेवून तांबे, चहा, म्हशी सांगायचे आणि मी त्या म्हशी रकान्यात बसवायचे.

पहिला मेसेज त्यांनी स्वतःवरच टाकायला लावला. "माझा नंबर टाका आदी. कसं वाटतंय ते कळाया नगं?" म्हणून यादीत पहिलं नाव 'बबन गेनू, पिंपळवंडी' असं लागलं. मेसेज मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत: राम राम पावणं, घरी सगळी बरी आहेत ना? मोटार कशी चालतेय? शेठच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो मला वाचून दाखवायला सांगितला, जणू मी लिहिलेलाच नव्हता. मग लांब जाऊन मिस कॉल दिला आणि हसत परत आले. "आता मला माझ्याच घरी जावं लागनार."

ते चाललं, हे मी कबूल करते. लोक दुकानात येऊन सांगायला लागले, शेठनी आमच्या म्हशीची आठवण ठेवली. शेठ मिशीतल्या मिशीत हसायचे. पण त्याच सुमाराला मला एक गोष्ट खटकू लागली. बाहेर पडण्यापूर्वी ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहत आणि हळूच विचारत, "ह्याची म्हस कोनती व्हती?" मला वाटायचं ते कॉम्प्युटरची परीक्षा घेताहेत.

छत्रीही भलतीकडेच राहायला लागली. न्हाव्याकडे. बँकेत. सौदा होऊन मोटार बसलेल्या घरी. "शेठ आता बँकेला ठिबक बसवणार," म्हणून ओतूर आणि राजुरी हसायचे, आणि मीही हसायचे. एकदा सकाळी आल्या आल्या ते मला म्हणाले, "काय बेल्हे, मशीन काय म्हंतंय?" बेल्ह्याचं आमच्या दुकानात कुणीच नव्हतं. मी म्हटलं, शेठ थट्टा करताहेत. थट्टा असेल तर हसायला हवं म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग दिवसभर त्यांनी मला कुठल्याच गावानं हाक मारली नाही.

मग पारगावचं घडलं.

पारगावचे धोंडिभाऊ उसाला ठिबक करायच्या विचारात होते. शेठची छत्री त्यांच्याकडे दोनदा राहून आली होती. धोंडिभाऊ अचानक गेले. शेठ दशक्रियेला गेले, परत आल्यावर हात-पाय न धुता खुर्चीत बसून राहिले, हे मला पक्कं आठवतं. जाड फाट्यावर ते नाव टाकायला त्यांनी सांगितलं की नाही, हे मात्र मला आठवत नाही. शेठ म्हणायचे सांगितलं. माझ्याकडे ते भरलेलं नव्हतं. कॉम्प्युटरला धोंडिभाऊ जिवंतच होते, आणि 'बघू' म्हणालेल्या माणसाला महिन्यानं जायचा तो मेसेज त्यांनाही गेला: राम राम धोंडिभाऊ, ऊस कसा आहे? ठिबकचं काय ठरलं?

आणि धोंडिभाऊंच्या नंबरावरून मिस कॉल आला.

शेठ लगेच निघाले. शेताची मापं उतरवून घ्यायला त्यांनी मलाही टेम्पोत बसवलं. माझ्या डोक्यात शंका नव्हती असं नाही, पण धोंडिभाऊ नावाची माणसं काय थोडी आहेत? दहाव्याला स्वतः जाऊन आलेला माणूस इतक्या उत्साहानं निघालाय म्हणजे हे दुसरेच कुणी असणार.

ओसरीवर एक बाई तांब्या घेऊन आल्या. त्या हिराबाई, धोंडिभाऊंच्या पत्नी. कपाळ मोकळं. त्यांच्या मागे भिंतीवर फोटो आणि फोटोला ताज्या झेंडूचा हार.  शेठ पाणी प्यायले, मिशा पुसून मोठ्यानं म्हणाले, "आमचं धोंडिभाऊ कुटं हायेत? मिस कॉल दिला, आलो बगा लगीच."

हिराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. त्यांनी पदर सारखा केला.

"रानात गेल्यात," त्या म्हणाल्या. "बसा शेठ. च्या टाकते."

मी त्यांच्यामागून चुलीपाशी गेले आणि माफी मागायला लागले, कॉम्प्युटर, यादी, काय काय. त्यांनी मला थांबवलं. "फोन त्यांचाच हाय. म्या चालू ठिवलाय. धाकट्यानं मेसेज वाचून दावला. इतक्या दिसांत त्यांच्या नावानं कुनी इचारलंच न्हवतं बगा. लई बरं वाटलं. म्हनून दिला मिस कॉल." मग ओसरीकडे बघून आवाज खाली आणला. "दहाव्याला मागल्या रांगंत बसून रडत व्हतं की हे. कदीपासून आसं झालंय त्यास्नी?"

आम्ही दुकानात खरं की सोंग एवढाच वाद घालत होतो, 'कधीपासून' हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता. पारगावच्या बाईला तो एका क्षणात पडला.

शेठनी चहा बशीत ओतला, अर्धा प्यायले आणि समोरच्यानं घोट घ्यायची वाट बघत थांबले. समोर कुणी नव्हतं. मान वर करून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि तेव्हा त्यांची नजर फोटोवर गेली.  मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि उठले. उरलेला चहा तसाच राहिला. "येतो आक्का," एवढंच म्हणाले. दाराशी छत्री होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून घेतली.

टेम्पो हमरस्त्याला लागला तशी शेठनी छत्री मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "शिनोली, ही मशीनची चूक म्हनायची का?"

"हो शेठ. मशीनचीच."

"मशीनला सांगंल तेवडंच कळतंय," ते म्हणाले, आणि बाहेर उसाकडे बघत बसले. मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्यांनी हा सगळा खटाटोप धंदा वाढवायला केला की हातातून निसटत चाललेली माणसं कुठंतरी बांधून ठेवायला केला, हे मी त्यांना विचारू शकले असते. विचारलं नाही, आणि म्हणून मला ते आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेले तर शेठ भिंतीपुढे खडू घेऊन उभे होते. जाड फाट्याच्या खाली त्यांनी एक नवी रेघ ओढली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'शेठ इसरला तर'. पुढे बाण, आणि बाणापुढे काही नाही.

"म्होरं काय लिवायचं?" त्यांनी मला विचारलं. मी खडू हातात घेतला आणि तसाच परत दिला. "मलाबी सुचंना. तुमाला कदी सुचलं तर लिवा."

त्यानंतर त्यांचा मुलगा विजय चाकणची नोकरी सोडून दुकानात बसायला लागला. चांगला मुलगा, हिशेबाला चोख. त्यानं गोदामाला चुना मारून घेतला आणि फाटे गेले. शेठ पिंपळवंडीला घरीच राहायला लागले. कॉम्प्युटर मात्र चालू होता, आणि त्याच्या पोटात शेठचे तांबे, चहा आणि म्हशी अजून होत्या. यादीतलं पहिलं नाव विजयनं काढायला सांगितलं होतं. मी काढते म्हणाले आणि काढलं नाही. त्यामुळे दर महिन्याला शेठना त्यांच्याच दुकानातून मेसेज जात राहिला: राम राम पावणं, घरी सगळी बरी आहेत ना?

एका दुपारी दुकानाचा फोन एक रिंग वाजून थांबला. नाव आलं, बबन गेनू, पिंपळवंडी.

मी विजयला सांगितलं, जाऊन येते. तो म्हणाला, "आवो ताई, फोन हातात घिऊन खेळत आसत्यात दादा." असेलही. पण त्यात फाटा नव्हता. मी पर्स घेतली, ऊन होतं म्हणून छत्री घेतली आणि पिंपळवंडीची जीप पकडली.

शेठ पडवीत खाटेवर बसले होते. दाढी केलेली, स्वच्छ टोपी मागच्या खुंटीला, फोन मांडीवर. काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तांब्या आणला आणि मला पाहून डोळे पुसले. शेठनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुन्या गावच्या तुमी?"

"शिनोलीची."

"आसं का. शिनोलीत आपली लई मानसं हायेत." मग त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "शेठ न्हाई आलं सोता? मिस कॉल दिला की शेठ सोता येतो, आसं आयकून हाय मी."

काकी आत वळल्या. पारगावची ओसरी माझ्या डोळ्यांपुढे आली.

"शेठ गिऱ्हाइकाकडं गेलेत," मी म्हटलं. "लांबच्या गावाला. येतील."

"बराबर हाय. त्याला बसून कसं चालंल?" त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी माझ्या घरची चौकशी केली. म्हैस आहे का, कितवी व्यायली, सासू-सासरे कसे आहेत. चहा आला. बशीत ओतून ते अर्धा प्यायले आणि थांबले. मी घाईघाईनं माझ्या कपातला घोट घेतला. उरलेला अर्धा त्यांनी संपवला.

निघताना मी छत्री खाटेच्या पायाशी उभी करून ठेवली आणि पायऱ्या उतरले. अंगणाच्या कडेला पोचले तोच मागून हाक आली.

"ओ बाई! छत्री ऱ्हायली तुमची."

मी वळून पाहिलं. ते छत्री हातात धरून उठून उभे होते. तिच्या मुठीकडे बघत होते, अंगठा तिच्यावरून फिरवत होते, जणू तिथं काहीतरी बांधलेलं असायला हवं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत ते जुनं हसू आलं.

"शेठनं शिकवलं व्हय हे?"

"हो," मी म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि वळून त्यांनी छत्री स्वतःच्या टोपीशेजारच्या खुंटीला नीट अडकवली.